दगडाला विचारून

मोहाची फुलं पडायला लागून चार दिवस झाले होते. कोंदेगुड्याच्या माडिया बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात शिरायच्या आणि ऊन तापायच्या आत भरल्या टोपल्यांनी परत यायच्या. सगळ्या गावात झिंगू पुंगाटीच्याच घरच्या टोपल्या वळचणीला उलट्या टांगलेल्या होत्या. झिंगूचा बाप लालसू दिवाळीच्या सुमारास गेला होता. मेलेल्याचा दगड उभा राहिल्याशिवाय त्या घरानं मोहाचं नवं फूल उचलायचं नाही, की नवा घास तोंडात घालायचा नाही, ही गावची रीत.

झिंगूची बायको मैनी अंगण झाडता झाडता खराटा टेकवून उभी राहिली.

"आपल्या झाडाखालचं फूल रानडुकरं खाऊन राह्यली. आणखी पंधरा दिवसांनी झाडावर फक्त पानं राहीन. सासऱ्याचा दगड उभा करता का नाई?"

दगड तर तयार होता. लालसूनं जिवंतपणीच तो डोंगराच्या अंगाला हेरून ठेवला होता. पुरुषभर उंच, निळसर काळा आणि खांद्यापाशी जरासा वाकलेला, थेट लालसूसारखाच. झिंगूनं आणि भाऊबंदांनी साबळीनं खणून तो मोकळा केला, गोल लाकडांवरून ढकलत नाल्यापर्यंत आणला. तिथं तो महिन्यापासून आडवा पडून होता. नाल्याच्या पलीकडे दगडांचं रान होतं, आणि त्या रानाला आता तारेचं कुंपण होतं.

दगडांचं रान म्हणजे गावाच्या उगवतीचा मोकळा माळ. तिथं त्रेसष्ट दगड उभे होते. एकेक दगड म्हणजे गावातलं एकेक गेलेलं माणूस. मागच्या वर्षी छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप तिथून गेला आणि जाता जाता अकरा दगड आडवे करून गेला. त्याचं कुणीतरी छायाचित्र काढलं, ते कुठं कुठं फिरलं, आणि सरकारच्या एका कार्यालयाला जाग आली. गाड्या आल्या, सिमेंटचे खांब आले, तार आली, कुलूप आलं. फाटकावर पाटी लागली : पुरातन शिळास्तंभ. दगड हलवणे किंवा नवीन दगड लावणे हा गुन्हा आहे.

पुरातन! त्यातल्या एका दगडाखाली झिंगूची आजी होती. तिचा दगड उभा केला तेव्हा झिंगू दहा वर्षांचा होता, आणि मिरवणुकीत नाचून नाचून त्याच्या पायाला फोड आले होते.

पण झिंगूचं खरं दुखणं पाटी नव्हतं. पाटीला शिव्या देता येतात. त्याच्या आईनं, जुरीबाईनं, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि तिचं चुकलं असं म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

झालं होतं असं. पडलेले अकरा दगड उभे करायला कार्यालयानं बाहेरचा एक मुकादम धाडला. त्यानं गावातले गडी हजेरीवर घेतले. झिंगू त्यांतलाच एक. लालसू तेव्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात होता, आणि जुरीबाई त्याच्या उशाशी बसलेली. मुकादमानं दोन खुंट्या ठोकल्या, मधे दोरी ताणली आणि म्हणाला, "या दोरीला लावून सरळ रांगेत करा. दिसायला बरं पाहिजे."

झिंगूला हे तेव्हाच खटकलं. कुठला दगड कुणाचा हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. ते बापाला ठाऊक होतं, आणि बापापेक्षा जास्त आईला. पण एवढं तर गावातल्या पोरासोरांनाही कळतं की माळाच्या मधून जी पायवाट जाते, तिच्या एका अंगाला सहा देवांच्या कुळाचे, दुसऱ्या अंगाला सात देवांच्या कुळाचे. हे भाऊबंद, ते सोयरे. सोयऱ्यांत लग्नं होतात, पण मेल्यावर जो तो आपापल्या माणसांत बसतो. मुकादमाची दोरी पायवाट ओलांडून सरळ पलीकडे गेली होती.

"साहेब, हे असं..." झिंगू म्हणाला होता.

"तू दगड उचल. डोकं मी लावतो."

झिंगूनं दगड उचलले. खड्डे नवे खणले, जुने मुरूम टाकून बुजवले, बुडाशी सिमेंट ओतलं. एकदा चूप बसलं की पुढचं चूप बसणं सोपं जातं. अकरा दगड शाळेतल्या कवायतीच्या पोरांसारखे एका रेषेत उभे राहिले.

लालसू गेला. क्रियाकर्म उरकल्यावर जुरीबाई काठी टेकत एकटीच माळावर गेली. मेल्याच्या बायकोनं तिथं जाऊन आपल्या माणसांना सांगायचं असतं की, सरका, एक जण येऊन राहिला आहे. तारेला धरून तिनं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घरी आली आणि झिंगूसमोर उभी राहिली.

"तुह्या आजीले माह्या बापाच्या मांडीले मांडी लावून कोणं बसवलं?"



गावाला ठाऊक होतं की त्याची आजी कोपे आणि जुरीबाईचा बाप दोगे, या दोघांनी लालसू-जुरीच्या लग्नातल्या एका डुकरावरून भांडण काढलं होतं. डुक्कर लहान आणलं, असं कोपेचं म्हणणं. तेव्हापासून एक अंगणात असलं की दुसरं अंगणाबाहेर. बारा वर्षं. दोघं मेले तरी ते भांडण मिटलं नव्हतं, आणि आता त्यांना हातभर अंतरावर उभं केलं होतं, तेही सिमेंटनं घट्ट करून.

"दगड बसवताना त्याले विचारते," आई म्हणाली. "खांद्यावर घेऊन फिरते. जिथी जड होते तिथी ठेवते. तू विचारलं का?"

"नाई, यायो."

"दोरीले विचारलं."

ते तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर चार महिने तिनं झिंगूच्या ताटात भात वाढला, त्याच्या तापात कपाळावर हात ठेवला, पण शब्द म्हणून दिला नाही. माडिया बाईचा अबोला म्हणजे नुसता राग नसतो, ती शिक्षा असते, आणि ती कधी संपणार हे तीच जाणे.

मैनी बोलली त्याच आठवड्यात, फाल्गुनात, माळावर दुसरीच माणसं आली. मुकादमाचं सिमेंट दगडांना तडे पाडत होतं म्हणून कार्यालयानं चंद्रपूरहून एक बाई धाडली होती. संघप्रिया खोब्रागडे तिचं नाव, तिशीची, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात कॅमेरा. तिच्याबरोबर नूर मोहम्मद होता. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या भिंतींवर चाळीस वर्षं छन्नी चालवलेला मिस्त्री. दाढी पांढरी आणि बोटं आल्याच्या गाठींसारखी. त्यांना हाताखाली गडी हवा होता. झिंगू गेला. का गेला हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. खपली काढल्याशिवाय राहवत नाही, तसंच काहीतरी.

दोन दिवस ते सिमेंट फोडत होते. नूर मोहम्मद दगडाला कान लावायचा, छन्नी तिरपी धरायचा, हलका ठोका द्यायचा.

"आहिस्ता, झिंगूभाऊ. सिमेंटले मारायचं, दगडाले नाई. दगडाचा काय कसूर?"

तिसऱ्या दिवशी संघप्रिया एका दगडापाशी उकिडवी बसली आणि उठेचना. तिनं बोट लावून दाखवलं. दगडाच्या एका अंगावर दगडफुलाचे राखाडी पापुद्रे वाळून सुटत चालले होते.

"हे दगडफूल सावलीच्या अंगाला धरते. इथं तर ते भर उन्हाकडे तोंड करून आहे. चाचा, हा दगड उलटा फिरवून लावला." तिनं पुढच्या दगडाकडे पाहिलं. "हा पण. कोणी लावले हे?"

नूर मोहम्मदनं झिंगूकडे पाहिलं. झिंगूनं घमेलं उचललं, दोन पावलं गेला, घमेलं खाली ठेवलं.

"कोणाचा दगड कुठी होता ते कागदावर नाई का, मॅडम?"

"हत्ती येण्याआधीचा कागदच नाही ना भाऊ. कोणी काढलाच नाही."

"मंग माह्या यायोले विचारा," झिंगू म्हणाला. "आईले. तिले सगळं ठाऊक आहे. पण मले नका धाडू. ती माह्याशी बोलत नाई."

संघप्रियानं का म्हणून विचारलं नाही. हातातली वही मिटली आणि गावाकडे निघाली. झिंगूला ती तेवढ्यावरच आवडली.

जुरीबाई आली, पण फाटकाशी थांबली. नूर मोहम्मदनं कुलूप उघडलं तरी आत पाय ठेवीना.

"मले माह्या माणसांपाशी जायले चाबी काऊन लागते?"

संघप्रियाचं तोंड उतरलं. "चुकलं, आजी," ती म्हणाली. तिनं कुलूप साखळीतून काढलं आणि नूर मोहम्मदच्या पिशवीत टाकलं. मग म्हातारी आत आली.

त्या दिवशी झिंगूनं जे पाहिलं ते त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आई प्रत्येक दगडापाशी जायची, त्याच्या पाठीवर तळवा ठेवायची आणि नाव सांगायची. हा पेका, अस्वलानं डोळा काढला होता तो. ही मंगरी, हिला सात पोरं झाली आणि सातही जगली. हा चिन्ना, चांगला माणूस, पण उसनी घेतलेली कुऱ्हाड परत द्यायचा नाही. संघप्रिया लिहीत होती. तिच्या वहीत आजवर नुसते आकडे होते, दगड क्रमांक एक, दगड क्रमांक दोन. आता आकड्यांपुढे माणसं येऊन बसायला लागली. पेन थांबवून ती मधेच हसायची, मधेच डोळे पुसायची.

कोपेच्या दगडापाशी म्हातारी थांबली. "हे इथची नोहे." पायवाट ओलांडून ती पलीकडे गेली, काठीनं जमीन चाचपत राहिली, आणि एका जागी काठी रोवली. "हे इथी."

"कशावरून, आजी?" संघप्रियानं हळू विचारलं. "मले लिहून द्यावं लागते. साहेब विचारतील."

"खणा ना मंग."

नूर मोहम्मद आणि झिंगू खणायला बसले. वीतभर मुरूम निघाला आणि खाली गोट्यांचं कडं लागलं, जुन्या लोकांनी दगडाच्या पायाशी ठासून बसवलेलं. कड्याच्या मधली जागा एका अंगाला निमुळती होती. नूर मोहम्मदनं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती चाचपली. मग उठून कोपेच्या दगडाचं बूड चाचपलं. ते एका अंगाला निमुळतं होतं.

"या अल्ला," तो म्हणाला. "पाय जोड्यात जावा तसं आहे बेटा हे. शिक्का मारून दे, चूक नाई."

अकराच्या अकरा जागा संध्याकाळपर्यंत सापडल्या. एकही हुकली नाही. जाताना म्हातारी झिंगूच्या शेजारून गेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण बोलली नाही.

अकरा दगड जागेवर नेणं संघप्रियाच्या हातात होतं. लालसूचा नवा दगड आत आणणं तिच्या हातात नव्हतं. त्यासाठी नागपूरहून मोठे साहेब आले आणि गोटुलात, गावाच्या बैठकघरात, ग्रामसभा बसली. साहेब वाईट माणूस नव्हते. घामानं भिजलेल्या शर्टात मांडी घालून बसले, दिलेलं पाणी प्यायले. पण त्यांच्या हातात मुकादमाचा अहवाल होता, आणि त्यात लिहिलं होतं की गावकऱ्यांनी आपल्या मनानं दगड वाटेल तसे लावले.

"आता तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "ज्यांना जुने दगड नीट लावता आले नाहीत, त्यांना नवे लावायची परवानगी मी कशी देऊ?"

गाव खवळलं. बाहेरच्या मुकादमानं केलं, आमचा काय संबंध, असा गलका झाला. गावप्रमुख भूमिया देवराव हात वर करून थकला. झिंगूला कुणीच काही विचारत नव्हतं. चूप बसला असता तर सगळं मुकादमाच्या डोक्यावर गेलं असतं. पण एकदा चूप बसून काय झालं ते त्यानं चार महिने भोगलं होतं. तो उठला.

"दोरी मुकादमाची, पण हात माहे," तो म्हणाला. "अकराही मीच उभे केले. मले शंका होती. ज्याले ठाऊक होतं ते माणूस चार दिवसांनी घरी येणार होतं. मी थांबलो नाई, विचारलं नाई. माहं चुकलं."

बायांच्या घोळक्यात जुरीबाई जमिनीकडे पाहत होती.

"पण साहेब, तुमच्या कागदानंही नाई विचारलं," झिंगू पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच नवा वाटला. "मले एक सांगा. देवळाची डागडुजी केली तर तुम्ही पूजा बंद करता का?"

"देऊळ वेगळं."

"कसं वेगळं?"

नूर मोहम्मद दाराशी बसून तंबाखू मळत होता. "साहेब, आमच्या दर्ग्याची भिंत मीच दुरुस्त केली," तो म्हणाला. "उरूस त्या साली पण झाला. उलट भिंत उरसासाठीच तर नीट केली."

संघप्रियानं वही साहेबांसमोर ठेवली. त्रेसष्ट नावं, अकरा खड्ड्यांची मापं. "सर, माझे आजोबा छप्पन साली चंद्रपुरात दीक्षा घ्यायला बैलगाडीनं गेले होते. कुठल्या वाटेनं, कुठं मुक्काम केला, कोणत्याच कागदात नाही. घरात आजी सांगायची म्हणून मला ठाऊक. इथं सांगणारं माणूस जिवंत आहे. आपण त्यालाच फाटकाबाहेर ठेवलं होतं."

साहेबांनी वहीची पानं उलटली. चिन्नाच्या कुऱ्हाडीपाशी आल्यावर त्यांना हसू आवरलं नाही. शेवटी म्हणाले, "ग्रामसभेनं ठराव द्यावा. दगड एक. कुंपणाच्या आत. आणि नकाशावर आधी जागा नक्की करून, तिथंच."

ठरावावर सह्या आणि अंगठे झाले. मग देवरावनं गावाचा निवाडा सांगितला. झिंगूला दंड : अकरा कोंबडे, आणि अकराही दगड त्यानं स्वतःच्या खांद्यानं जागेवर न्यायचे, बसवताना एकेकाचं नाव घ्यायचं. दंड ऐकून झिंगूच्या जिवात जीव आला. ज्याला दंड होतो तो अजून गावातलाच असतो.

पाच दिवस लागले. हिरव्या बांबूंना सालीचे दोर बांधून आठ जण दगड उचलायचे, आणि पुढच्या डाव्या खांद्याला झिंगू असायचा. खांदा सोलवटला, मैनी रात्री त्यावर मोहाच्या बियांचं टोरीचं तेल चोळायची. कोपेचा दगड खड्ड्यात उतरला तेव्हा जराही हलला नाही. झिंगूनं नाव घेतलं आणि मागे सरकला. मग पायवाटेपलीकडच्या दोगेकडे पाहून त्याला वाटलं, दोघांनी एकदाचा सुस्कारा टाकला असेल.

सहाव्या दिवशी लालसूचा दगड निघाला. ढोल वाजत होते, बाया रडत आणि गात होत्या. संघप्रियानं सहा देवांच्या अंगाला, कोपेच्या जवळ चुन्याची फुली मारून ठेवली होती. नकाशावर तिथं चौसष्ट आकडा होता. आठ जणांनी नाला ओलांडला, चढ चढले. देवराव पुढे चालत विचारत होता, "इथी का, लालसू? इथी का?" दगड हलकाच होता. फाटक अरुंद पडलं म्हणून नूर मोहम्मदनं दोन खांबांमधली तार आधीच सोडून ठेवली होती. पुढचे चौघं आत शिरले, मागचे चौघं बाहेर होते. आणि झिंगूचे गुडघे वाकले.

आधी त्याला वाटलं, आपलाच पाय घसरला. पण आठही जण वाकले होते. बांबू करकरले. एक पाऊल पुढे पडेना, की मागे.

"इथी का?" देवरावनं विचारलं.

दगड आणखी जड झाला.

दगडाचं बूड नेमकं कुंपणाच्या रेषेवर होतं, सिमेंटच्या खांबाला खेटून. चुन्याची फुली वीस पावलं पुढे राहिली होती. ढोल थांबले. सगळं गाव संघप्रियाकडे पाहायला लागलं. ती नकाशाकडे पाहत होती. कुंपणाच्या आत, नक्की केलेल्या जागीच, असं तिनं साहेबांना लिहून दिलं होतं.

"माह्या सासऱ्यानं जन्मभर कोणाचं कुंपण मानलं नाई," मैनी कुणाला तरी हळूच म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

संघप्रियानं नकाशाची घडी केली. "चाचा, खांब काढा."

"एकच?"

"दगड सांगेल तेवढे."

नूर मोहम्मदनं बाह्या सरसावल्या. खांब निघाला, त्याच्याच खड्ड्यात गोटे ठासून लालसू उभा राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर, खांद्यात जरासा वाकून. झिंगूनं बापाचं नाव घेतलं, मग कुणी सांगितलं नसताना कोपेपासून एकेक करत पुढची नावं घेत गेला. अकरा संपली तरी थांबला नाही. जिथं अडला तिथं बायांच्या घोळक्यातून कुणीतरी नाव पुरवलं. तो आवाज आईचा होता.

संघप्रिया नव्या नकाशाला बसली. जुरीबाई तिच्या शेजारी येऊन टेकली, काठीनं कागदावरची लालसूच्या उजव्या हाताची मोकळी जागा दाखवली.

"इथी काई काढू नको, पोरी. कुंपण पण नाई."

"का, आजी?"

म्हातारीनं मान वळवली. खांदा चोळत उभ्या असलेल्या झिंगूकडे पाहिलं आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"उद्या पहाटे टोपली काढजो, फूल वाया जाऊन राह्यलं," ती म्हणाली. "आणि मले बसवशीन तवा विचारून बसवजो."